पुण्यात १२ वर्षं गाडी चालवली, तरी ब्रिटनमध्ये नापास: लायसन काढायची सगळी वाट

परीक्षकाने डावीकडे गाडी थांबवायला सांगितली, थांबवली. पुन्हा निघायला सांगितलं, निघाले. मागून एक व्हॅन येत होती, तिला ब्रेक मारावा लागला. व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला नाही, काच खाली करून काही बोललाही नाही, त्यामुळे मला काही झालं हे कळलंसुद्धा नाही. पुढचा अर्धा तास गाडी झकास चालवली. टेस्ट संपल्यावर परीक्षकाने शांतपणे सांगितलं की छोट्या चुका तीनच, पण एक गंभीर, म्हणून नापास.

ही माझी मिल्टन कीन्समधली पहिली टेस्ट. त्याआधी १२ वर्षं मी सिंहगड रोडवर संध्याकाळी सातच्या गर्दीत गाडी चालवत होते, भर पावसात वरंधा घाट उतरले होते. गाडी येत नाही असं मला कोणी म्हटलं नव्हतं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, आपल्याकडे रस्त्याच्या कडेवरून निघताना आपण फक्त पुढे बघतो. मागचा बघून घेतो. तो हॉर्न देतो, तो हॉर्न आपल्याला ऐकू येतो आणि आपण जागच्या जागी थांबतो. इथे हॉर्न वाजतच नाही. जे काम तिकडे कान करतात ते इथे डोळ्यांनी करायचं असतं, आणि टेस्टमध्ये बहुतांश तेच तपासतात. खालची सगळी माहिती त्या नजरेने वाचा.

हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचं आहे. उत्तर आयर्लंडची यंत्रणा वेगळी आहे.

आधी एक हिशेब: तुमचे १२ महिने खरं तर सहाच असतात

भारतीय लायसनवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. महाराष्ट्रातलं लायसन इंग्रजीतच असतं, त्यामुळे त्या काळात इंटरनॅशनल परमिटची सक्ती नाही. भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या मागतात एवढंच. एल-प्लेट लावायची गरज नाही, शेजारी कोणी बसवायची गरज नाही. म्हणूनच सगळे निवांत राहतात.

बारावा महिना संपला की ते लायसन इथे चालत नाही. मध्ये दिवाळीला भारतात जाऊन आलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. मुदत संपल्यावर चालवलीत तर विनालायसन, आणि विमाही बहुतेक गेलाच. विमा नसताना पकडलं तर ३०० पौंड दंड, ६ पेनल्टी पॉइंट (गुन्ह्यासाठी लायसनवर चढणारे गुण), आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात.

आता दुसरी बाजू. प्रत्यक्ष टेस्ट द्यायची तर त्या दिवसाआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही इथे किमान १८५ दिवस राहिलेले असावे लागता. म्हणजे पहिले सहा महिने टेस्ट देताच येत नाही. उरले सहा. आणि टेस्टच्या तारखांची रांग मोठी असते. बुकिंग २४ आठवडे पुढचं उघडतं आणि गजबजलेल्या सेंटरवर तेही भरलेलं असतं. सातव्या महिन्यात जागे झालात तर तारीख तेराव्या महिन्याची मिळेल.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्या महिन्यात प्रोव्हिजनल (इथलं लर्निंग लायसन), दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थिअरी (संगणकावरची परीक्षा), थिअरी पास झाल्या दिवशीच प्रॅक्टिकलचं बुकिंग, सातव्या महिन्यानंतरचं. त्यात नापास झालात तरी दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते.

"लायसन बदलून मिळत नाही का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. भारताचं मिळत नाही. ज्या देशांची लायसन ब्रिटन थेट बदलून देतं त्या यादीत भारत नाही. मात्र २०२१पासून संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहे. दुबई-अबुधाबीत टेस्ट देऊन लायसन काढलेले आणि तिथून इथे आलेले बरेच मराठी लोक आहेत. त्यांनी हा लेख इथेच सोडून बदलीचा अर्ज भरावा. इथे राहायला आल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो.

प्रोव्हिजनल: हिरवं कार्ड

आपल्याकडच्या लर्निंग लायसनसारखं हे. देतं स्वान्सीचं डीव्हीएलए हे खातं, आपल्या आरटीओच्या जागी. त्यांच्या खिडकीवर जाऊन उभं राहायचं नसतं, सगळं ऑनलाइन किंवा पोस्टाने. ऑनलाइन ३४ पौंड, पोस्टाने ४३. देशात किमान १८५ दिवस राहायची परवानगी असलेला व्हिसा लागतो, गेल्या तीन वर्षांचे सगळे पत्ते लागतात (भारतातले धरून, पिनकोडसह), आणि ओळखीसाठी पासपोर्ट.

अर्ज गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावरच करा. शोधल्यावर वर-वर दिसणाऱ्या काही खासगी साइट तोच अर्ज "तपासून देण्याचे" जादा पैसे घेतात. आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेला एजंट निदान उन्हात तरी बसलेला असायचा.

पासपोर्ट पोस्टाने पाठवायची वेळ आली तर तो परत यायला वेळ लागतो. भारताची तिकिटं काढलेल्या महिन्यात हे काम काढू नका. माझ्या नणंदेने काढलं होतं. साखरपुडा व्हिडिओ कॉलवर पाहिला.

कार्ड हाती आलं तरी पहिले १२ महिने तुमचं भारतीय लायसन चालूच असतं. प्रोव्हिजनल घेतल्याने ते रद्द होत नाही, डीव्हीएलएकडे जमाही करायचं नसतं. पण १२ महिन्यांनंतर तुम्ही इथल्या नवशिक्यासारखेच: पुढे-मागे लाल एल, आणि शेजारी देखरेखीला माणूस. इथे एक मेख आहे. तो माणूस २१ वर्षांवरचा हवा आणि त्याच्याकडे ब्रिटन किंवा युरोपातल्या ठरावीक देशांचं पक्कं लायसन किमान तीन वर्षांपासून हवं. नवऱ्याचं १५ वर्षांचं कोल्हापूरचं लायसन इथे मोजत नाहीत. गेल्या वर्षी पास झालेला शेजारचा देशपांडेही चालत नाही.

थिअरी

दोन भाग, एकाच बैठकीत. दोन्हीत पास व्हावं लागतं. एकात नापास तर दोन्ही पुन्हा. फी २३ पौंड.

पहिल्या भागात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर. २०१४पर्यंत हिंदी, गुजराती, पंजाबीत आवाज ऐकत ही परीक्षा देता यायची. आता इंग्रजी आणि वेल्श एवढंच. अभ्यास "हायवे कोड" या सरकारी पुस्तिकेतून. १९३१ साली ती पहिल्यांदा निघाली तेव्हा किंमत एक पेनी होती, आता ऑनलाइन फुकट आहे. तिच्या जोडीला डीव्हीएसए या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं अधिकृत ॲप घ्या आणि रोज झोपण्यापूर्वी अर्धा तास, तीन आठवडे. पाठ करायच्या गोष्टी थोड्या आहेत. ताशी ३० मैलांवर गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ७० मैलांवर ९६. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, पावसात चार. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर. काही पादचारी क्रॉसिंगची नावं पक्ष्यांची आहेत, पेलिकन, पफिन, टूकॅन. टूकॅनवरून सायकलवालेही जाऊ शकतात, हा प्रश्न हमखास येतो.

वेगमर्यादेचा एक नियम मात्र पाठ करून भागत नाही, अंगात मुरावा लागतो. रस्त्यावर दिव्यांचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल तर मर्यादा ३० मैल. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३पासून अशा रस्त्यांवर २०. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली तर "राष्ट्रीय मर्यादा": दुभाजक नसलेल्या रस्त्याला ६०, दुभाजक असलेल्याला ७०. मोजणी किलोमीटरमध्ये नाही हे विसरू नका.

दुसरा भाग हॅझर्ड परसेप्शन, आणि आपली माणसं गळतात ती इथे. रस्त्याचे १४ छोटे व्हिडिओ दाखवतात. त्यांत एकूण १५ ठिकाणी धोका आकार घेत असतो (एका व्हिडिओत दोन). धोका तयार होताना जितक्या लवकर क्लिक कराल तितके गुण, जास्तीत जास्त पाच. ७५पैकी ४४ लागतात.

मी पहिल्यांदा सरावाला बसले आणि २८ गुण पडले. कारण सोपं होतं. फुटपाथवरची बाई रस्त्याकडे वळली, मी काही केलं नाही. उभ्या गाडीचा दरवाजा किंचित हलला, काही नाही. बाजूच्या गल्लीतून कारचं नाक बाहेर आलं, काही नाही. लक्ष्मी रोडवर घडलेली आपली नजर याला धोका मानतच नाही, ती याला शनिवार म्हणते. अंगावर येईपर्यंत वाट बघायची आणि मग ब्रेक, ही आपली सवय. इथे उलटं: "या गोष्टीमुळे मला वेग कमी करावा किंवा बाजूला जावं लागणार का?" असं वाटलं की क्लिक. मी एकदा वाटलं की एक क्लिक, आणि सेकंदभराने खात्रीचा दुसरा, असं ठेवलं आणि ५८ आले. मात्र ठेका धरून सारखं क्लिक करत राहिलात तर संगणक ते ओळखतो आणि त्या व्हिडिओला शून्य देतो.

सेंटरवर प्रोव्हिजनल कार्ड न्यायचं. फोन, घड्याळ, खिशातला रुमालसुद्धा लॉकरमध्ये. निकाल तिथल्या तिथे. नापास झालात तर तीन कामकाजी दिवसांनी पुन्हा. पास झाल्याचा दाखला दोन वर्षं चालतो. तेवढ्यात प्रॅक्टिकल झालं नाही तर थिअरी पुन्हा द्यायची.

बुकिंग, गाडी, शिकवणारा

प्रॅक्टिकलची फी कामाच्या दिवशी ६२ पौंड; संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला ७५. तारीख स्वतःच्या लॉगिनने स्वतः काढा. दूरची मिळाली तरी घेऊन ठेवा आणि मग रोज चहा घेताना रद्द झालेल्या जागा बघत राहा. नवीन आठवडा सोमवारी पहाटे उघडतो, त्यासाठी गजर लावणारे मराठी लोक मला माहीत आहेत. बोर्डाचा निकाल बघायला एवढ्या लवकर कोणी उठलं नव्हतं. समाजमाध्यमांवर दोनशे-तीनशे पौंडांत "लवकरची तारीख" विकणारे असतात. पैसे घेऊन गायब होणारेही त्यांतच असतात. तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर पूर्ण १० कामकाजी दिवस आधी, नाहीतर फी बुडते. हा नियम एप्रिल २०२५पासूनचा आहे, जुन्या सल्ल्यात तीन दिवस लिहिलेले आढळतील.

शिकवणारा घ्यायचा का? कायद्याने सक्ती नाही. माझं स्पष्ट मत: घ्या, पण मोजके तास. इथल्या कोऱ्या नवशिक्याला सरासरी ४५ तास लागतात असं डीव्हीएसएच सांगते. भारतात खरोखर गाडी चालवलेल्याला आठ-दहा तास पुरतात. तासाला साधारण ३५ ते ४५ पौंड पडतात. गाडीच्या काचेवरचा बिल्ला बघा: हिरवा अष्टकोनी म्हणजे पूर्ण मान्यताप्राप्त शिक्षक, गुलाबी त्रिकोणी म्हणजे अजून शिकाऊ. गुलाबीवाले वाईट असतात असं नाही, पण पैसे कमी घ्यायला हवेत.

पहिल्या तासालाच शिक्षकाला सांगा की मला गाडी शिकवू नका, माझ्या सवयी मोजा. माझ्या शिक्षिकेने कागदावर रेघा मारल्या. एका तासात २७.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिक चालवता येते, मॅन्युअलवर पास झालात तर दोन्ही. आपण बहुतेक मॅन्युअलवर शिकलेलो, त्यामुळे अभिमान आडवा येतो. पुढे ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिकच घेणार असाल तर गियरची भानगड टेस्टमध्ये नको. डोळ्यांना तेवढी फुरसत मिळते. मी हट्टाने मॅन्युअल दिली, त्याचा उपयोग आजवर एकदाच झाला, स्कॉटलंडमध्ये भाड्याच्या गाडीला.

टेस्टला स्वतःची गाडी नेता येते. विमा टेस्टसह चालणारा हवा, एल-प्लेट हवी, परीक्षकासाठी आतला जादा आरसा हवा, डॅशबोर्डवर कुठलाही इशाऱ्याचा दिवा पेटलेला नको. बहुतेक जण शिक्षकाचीच गाडी नेतात, आणि ते सोपं पडतं.

विसरायच्या गोष्टी

इथे थोडं रेंगाळते, कारण टेस्ट याच्यावरच ठरते. गाडी उजव्या स्टिअरिंगची, रस्ता डाव्या बाजूचा, सगळं आपल्यासारखंच. अमेरिकेला गेलेला माणूस निदान घाबरून तरी चालवतो. आपल्याला वाटतं घरचाच रस्ता आहे, आणि जुन्या सवयी जशाच्या तशा बाहेर येतात.

आरसा. क्रम ठरलेला: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग हालचाल. वेग कमी करायच्या आधीही मधला आरसा. डावीकडे वळताना डावा, उजवीकडे वळताना उजवा. आपल्याकडे डावा आरसा गल्लीत लागतो म्हणून वर्षानुवर्षं मिटलेला असतो. त्या क्लीनर साइडला बघायची मानेला सवयच नसते. इथे तिकडून सायकल येते. कडेवरून निघताना तर उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायचंच, रस्ता रिकामा दिसला तरी. परीक्षक तुमच्या डोक्यात काय आहे ते पाहत नाही, मान फिरली की नाही ते पाहतो. नुसती बुबुळं हलवून भागत नाही. वर्षानुवर्षं नापास होण्याच्या कारणांत वरचा नंबर लागतो तो चौकात नीट न बघण्याचा, दिशा बदलताना आरसा न बघण्याचा आणि कडेवरून धोकादायक रीतीने निघण्याचा. तिसऱ्या कारणाची मी.

राउंडअबाउट, म्हणजे गोल चक्राचा चौक. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नियम आपल्याकडेही तोच आहे, पण आपल्याकडे ज्याने आधी नाक घातलं त्याचा चौक. इथे थांबायचं, पण फार वेळही थांबायचं नाही. पहिल्या फाट्याला जायचं तर डावी लेन, डावा इंडिकेटर. सरळ जायचं तर पाटीवर वेगळं नसेल तिथे डावी लेन, जाताना इंडिकेटर नाही. उजवीकडे जायचं तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर. बाहेर पडताना, आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा आरसा आणि डावा इंडिकेटर, सगळ्यांना. मिल्टन कीन्समध्ये शंभराहून जास्त राउंडअबाउट आहेत, त्यामुळे आमचा अभ्यास आपोआप होतो. स्विंडनला १९७२पासून एकाच मोठ्या चक्राभोवती पाच लहान चक्रं असलेला एक प्रकार आहे. तो बघायला जा, टेस्टच्या आधी नको.

हळू चालवणं म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज. रस्ता मोकळा असताना ३०च्या जागी २२ने चालवलीत, किंवा चौकात जागा असून निघाला नाहीत, तर तीही चूक लिहितात. माझ्या ओळखीतले एक काका, आयुष्यभर ट्रक चालवलेले, फक्त "अति जपून" चालवल्याने नापास झाले.

अप्पर-डिप्पर. आपल्याकडे समोरून अप्पर मारला म्हणजे "मी येतोय, बाजूला हो." इथे लोक दिवा मारतात तो "तू जा" म्हणून. अर्थ बरोब्बर उलटा. हायवे कोड तर दोन्ही मानत नाही. त्यात दिवा फक्त "मी इथे आहे" एवढंच सांगायला. टेस्टमध्ये कोणी दिवा मारला तरी स्वतः बघून मगच जा, आणि तुम्ही मारू नका. हॉर्नचंही तसंच: गाडी उभी असताना वाजवायचा नाही, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात चालत्या गाडीतूनही नाही.

उतारावर न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून खंबाटकीत शिकलेली ही कला टेस्टमध्ये चूक धरली जाते. क्लच दाबून गाडी सोडून देणंही तेच. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवणारे, हँडब्रेक वापरायला शिका.

उभ्या गाड्या. इथल्या जुन्या वस्त्यांत दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. अडथळा ज्याच्या बाजूला तो थांबतो. मोठी गाडी आधी, हा नियम नाही. आणि त्या उभ्या गाड्यांपासून शक्य तिथे दरवाजा उघडेल एवढं, मीटरभर अंतर.

पायी चालणारे. २९ जानेवारी २०२२पासून बदललेल्या नियमांप्रमाणे, तुम्ही गल्लीत वळताय आणि ती गल्ली ओलांडायला कोणी कडेला उभं आहे, तर त्याला जाऊ द्यायचं. फक्त ओलांडत असलेल्याला नाही, थांबलेल्यालाही. सायकलवाल्याच्या शेजारून जाताना ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर. जागा नसेल तर त्याच्या मागे मागे जायचं, कितीही कंटाळा आला तरी.

पिवळा दिवा म्हणजे थांबा. "पटकन निघा" नाही. स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रस्त्यावर आखलेल्या पिवळ्या जाळीच्या चौकोनात, पलीकडे जागा असल्याशिवाय शिरायचं नाही. उजवीकडे वळायला थांबलेल्याला तेवढी सवलत. सिग्नलला पुढच्या गाडीचे मागचे टायर आणि थोडा डांबरी रस्ता दिसेल एवढं मागे थांबा. बंपरला बंपर लावून जागा वाचवायची गरज नाही, मध्ये रिक्षा घुसणार नाही.

टेस्टचा दिवस

सुरुवात नंबरप्लेटने. २० मीटरवरची, म्हणजे साधारण पाच गाड्यांच्या लांबीवरची नंबरप्लेट वाचायची. नाही वाचता आली तर टेस्ट तिथेच संपते, गाडी सुरूही होत नाही. चष्मा लागतो का हे महिनाभर आधी तपासा.

मग गाडीविषयी एक तोंडी प्रश्न (ब्रेक नीट चालतात हे कसं तपासाल, असला), आणि चालवता चालवता एक करून दाखवायचा, उदाहरणार्थ समोरची काच धुवून दाखवा. हे प्रश्न आधीच जाहीर असतात, तासाभराचं काम.

चालवणं साधारण ४० मिनिटं. त्यातला बराच वेळ स्वतःच्या बळावर: बहुतेकदा परीक्षकाने लावलेल्या सॅटनॅवच्या (वाट सांगणाऱ्या यंत्राच्या) मागे, काही वेळा पाट्यांवरून. वाट चुकली तर चूक धरत नाहीत. चुकीची वाट नियम पाळून चालवा, बस. आयत्या वेळी लेन कापून बरोबर वाट पकडलीत तर मात्र गेलात. एक उलटं-सुलटं काम असतं: दोन गाड्यांच्या मधल्या किंवा पुढच्या गाडीमागच्या जागेत समांतर पार्किंग, चौकटीत पार्किंग, किंवा उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांइतकं मागे येणं. आपण आरटीओत आठ आणि एच काढून आलेलो, हात चांगले असतात. पण मागे घेताना सतत चहूकडे बघत राहणं हे खरं. कोणी चालत आलं की थांबा. काही टेस्टमध्ये एकदम ब्रेक मारायला लावतात.

छोट्या चुका १५पर्यंत चालतात. एक गंभीर किंवा धोकादायक चूक आणि नापास. तीच छोटी चूक पुन्हा पुन्हा केली तर ती गंभीर होते. परीक्षक गप्प असतो, लिहीत राहतो. त्याने काही लिहिलं की आपण नापास असं समजून बाकीची टेस्ट सोडून देऊ नका. देशभरात पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या सगळ्या प्रयत्नांचे मिळून निम्मेच पास होतात, तेव्हा घरी सांगायला लाज वाटण्यासारखं काही नाही. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिकडचे रस्ते खराब असतील."

पुन्हा द्यायला किमान १० कामकाजी दिवस थांबावं लागतं. मी दुसऱ्यांदा दिली तेव्हा निघताना मान इतकी फिरवली की शिक्षिकेने नंतर विचारलं, दुखतेय का.

पास झाल्यावर

परीक्षक हिरवं कार्ड ठेवून घेतो, गुलाबी कार्ड पोस्टाने येतं, पण गाडी त्याच दिवसापासून एकट्याने चालवता येते. त्याआधी विमा कंपनीला कळवा, कारण पॉलिसी नवशिक्याच्या नावावर असते. पहिला विमा महाग पडतो. अर्जात लायसन किती वर्षांचं हे विचारतात तेव्हा जे आहे तेच लिहा. भारतातली वर्षं इथली म्हणून दाखवली तर अपघाताच्या वेळी दावा अडतो. भारतातल्या विम्याचा नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या मोजत नाहीत, एखादी मोजते, म्हणून भारतातल्या विमा कंपनीकडून पत्र आणून ठेवा.

पहिली दोन वर्षं सांभाळा. या काळात ६ पेनल्टी पॉइंट झाले की लायसनच रद्द होतं आणि प्रोव्हिजनलपासून पुन्हा. गाडी चालवताना हातात फोन धरला तर एका फटक्यात ६ पॉइंट आणि २०० पौंड. सिग्नलला उभं असताना धरला तरी तेच. घरून व्हॉट्सॲप कॉल येतो तो बरोबर इथल्या ऑफिस सुटायच्या वेळी, तिकडे रात्री जेवून झालं की. त्यांना वेळ सांगून ठेवा.

हायवेवर, म्हणजे निळ्या पाट्यांच्या मोटरवेवर, आता एकट्याने जाता येतं. जून २०१८पासून प्रोव्हिजनलवरही तिथे सराव करता येतो, पण फक्त मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर आणि दुहेरी ब्रेकच्या गाडीत. तुमच्या आठ-दहा तासांतला एक तिथे घाला. लेनवर लाल फुली दिसली की ती लेन बंद, हे तिथेच डोळ्यांत बसतं.

भारतीय लायसन तुमच्याकडेच राहतं, सुट्टीत तिकडे ते वापरता येतं. त्याची मुदत संपत आली असेल तर पुढच्या फेरीत नूतनीकरणाचा अर्ज उरकून घ्या. आणि इथे घर बदललं की डीव्हीएलएला पत्ता कळवा. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि नाही कळवलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत.